सोसायटीचं सोलर, बस, खाडी आणि बजेट : कार्बन कमी करायचं नक्की ठरवतं कोण?

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच काढतो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

ठाण्यातली आमची बिल्डिंग सात मजली, अठ्ठावीस फ्लॅट, चार वर्षं झाली मी सेक्रेटरी आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून सामाईक मीटर महिन्याला साधारण दीड हजार युनिट खातं. गच्ची मोकळी आहे, दक्षिणेला अजून कुठला टॉवर उभा राहिलेला नाही, म्हणून २०२४ मध्ये छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली तेव्हा मी लगेच हिशोब मांडला. किलोवॅटमागे शंभरेक चौरस फूट जागा लागते, आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट निघतात, म्हणजे १२ किलोवॅटमध्ये आमचं सामाईक बिल जवळपास सगळं सुटतं. स्वतंत्र घराला ३ किलोवॅटपर्यंत ७८ हजार सबसिडी आणि सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८ हजार, म्हणजे आम्हाला २ लाख १६ हजार मिळणार होते. कागदावर कुठेच अडचण नव्हती.

दोन वर्षं होत आली, गच्चीवर एक पॅनल नाही.

पहिल्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, सातव्या मजल्यावरचे काका उठले. त्यांचं छत आधीच गळतंय, त्यात स्टँडसाठी स्लॅबला भोकं पाडली तर काय होईल असं म्हणाले. मला आधी राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बघितलं तर पंख्याच्या हुकाभोवती पिवळा डाग पसरलेला आणि पलंगावर जुनी ताडपत्री अंथरून ठेवलेली. काकांचं काहीच चूक नव्हतं. मग ठरलं आधी वॉटरप्रूफिंग, त्याचा खर्च सोलरपेक्षा जास्त निघाला, वर्गणीवरून भांडणं झाली, वर्ष गेलं. दुसऱ्या एजीएमला रिडेव्हलपमेंट निघालं, सात-आठ वर्षांत बिल्डिंगच पाडायची असेल तर पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू कशाला बसवायची? त्यात आमचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं सोसायटीच्या नावावर हस्तांतरण, झालेलं नाही, जमीन कागदोपत्री अजून बिल्डरच्या नावावर, कर्जाला गेलो की पहिला प्रश्न तोच. फ्लॅटच्या मालकीचा मोफा कायदा १९६३ चा, बिल्डर सही देत नसेल तर सरकारकडून करून घ्यायच्या डीम्ड कन्व्हेयन्सची सोय २००८ ची आणि आमची फाईल अजून फिरतेच आहे. शेवटी कळलं की सामाईक मीटरचा मंजूर भारच ८ किलोवॅट आहे आणि नेट मीटरिंगवर (सोलरची युनिटं बिलातून वजा होतात ती पद्धत) मंजूर भाराच्या वर सोलर बसत नाही, म्हणजे आधी भार वाढवायचा अर्ज.

हे सगळं इथे का सांगतोय, तर मी दोन वर्षं समजत होतो की हा पैशाचा किंवा तंत्राचा प्रश्न आहे. पैसे उभे राहत होते, पॅनल बाजारात आहेत. अडलं ते ठरवण्यावर. छत, जमीन, भार, कर्ज, प्रत्येक गोष्ट ठरवणारा माणूस वेगळा आणि त्यातल्या एकाचंही काम कार्बन कमी करणं हे नाही.

आता शहराचं बघा. देशाचं नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषलाही जाईल असं, साल २०७०, ते २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर झालं. मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये आपल्यापुरतं २०५० ठरवलं. म्हणजे मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला त्याच्या शहराचं साल माहीत आहे. यंदा, २०२६ च्या जानेवारीत आपल्याकडे महापालिकेचं मतदान झालं, प्रचाराला दारात आलेल्या प्रत्येकाला मी विचारलं की ठाण्याचं साल कुठलं, एकालाही सांगता आलं नाही. त्यांना तरी काय बोलणार, ठाण्याच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ ला संपली होती, नवी मुंबईची तर मे २०२० ला, तेव्हापासून बसचे करार काय, रस्ते काय, झाडं काय, सगळं प्रशासकाच्या सहीनं चाललं. ज्या काळात हे सगळं ठरायला हवं होतं नेमक्या त्याच काळात विचारायला माणूस नव्हता.

तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा. सोलर बसलं असेल तर कसं बसवलंत तेही लिहा, मला खरंच हवंय.

---

कोलशेत_रोड

सेक्रेटरी साहेब, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडे उलटी गोष्ट. बिल्डरनं सोलर वॉटर हीटर बसवूनच दिले होते, कारण त्याशिवाय ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळत नाही, नियमावलीत आहे ते, आताच्या २०२० च्या यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीतही सोलर हीटर किंवा रूफटॉप सोलर यासाठी वेगळं कलम आहे. आमच्या गच्चीवर चोवीस टाक्या आहेत. मागच्या महिन्यात वर गेलो होतो, निम्म्याहून जास्त काचेच्या नळ्या फुटलेल्या, टाक्यांखाली कबुतरांनी घरटी केलेली, आणि खाली जाणारा पाइप तर एका ठिकाणी सरळ कापून त्याला बूच मारलेलं. म्हणजे ताबा मिळाल्यापासून या पाण्यानं कोणी अंघोळच केलेली नाही.

तपासणी एकदाच, ओसीच्या दिवशी. नंतर दहा वर्षं ते चालतंय का हे बघायचं काम कोणाकडेच नाही. लिफ्टचं इन्स्पेक्शन विचारतात, फायर ऑडिट विचारतात, हे कोणी विचारत नाही.

---

नेरूळ_पूर्व

मी बसबद्दल लिहिते कारण मला तेच रोज भोगावं लागतं.

आमच्या सेक्टरमधला बसथांबा गेल्या वर्षी नवीन केला. स्टीलची बाकडी, वर छप्पर, रात्री लाईट लागणारी जाहिरात. आणि बस? सकाळी पावणेनऊची येते, ती गेली की पुढची कधी येईल ते नशीब. काल माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, वाशीला डोळे तपासायला जायचं होतं, पस्तीस मिनिटं बसल्या, पदरानं घाम पुसत होत्या, शेवटी दोघी मिळून रिक्षा केली. इलेक्ट्रिक बस आल्या त्याचा मला आनंदच आहे, आवाज नाही धूर नाही. पण धूर न करणारी बस पंचवीस मिनिटांनी येणार असेल तर लोक स्कूटर काढणारच ना? माझ्या मुलानं कॉलेजला लागल्यावर तेच केलं, मी कुठल्या तोंडानं अडवू त्याला.

---

घटना_वाचणारा

नेरूळ_पूर्व ताई, तुम्ही लिहिलंत ते राज्यघटनेत जसंच्या तसं आहे म्हटलं तर विश्वास बसेल का? ७४ वी घटनादुरुस्ती, बारावी अनुसूची, त्यात महापालिकांकडे सोपवता येतील अशी अठरा कामं आहेत. सतराव्या क्रमांकावर बसथांबे आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत, पार्किंग आहे. सार्वजनिक वाहतूक नाही. बसथांबा आहे, बस नाही! आपल्या राज्यात महापालिका कायद्यानं परिवहन उपक्रम चालवता येतो म्हणून ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी या बससेवा आहेत, पण तोट्यात गेल्या की "हे आमचं मूळ काम नाही" म्हणायला जागा राहते.

आणि वीज तर त्या यादीत अजिबातच नाही. वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य. दर ठरवणार वीज नियामक आयोग. म्हणजे शहराच्या धुरातले दोन मोठे वाटे, वीज आणि वाहनं, आणि ज्यांना आपण मत देतो त्या नगरसेवकाच्या हातात त्यातलं जवळपास काहीच नाही. पर्यावरण संरक्षण मात्र आठव्या क्रमांकावर महापालिकेकडेच दिलंय. जबाबदारी इथे, अधिकार तिकडे.

---

पाचपाखाडीकर

हे बसथांब्याचं मला माहीतच नव्हतं. आत्ता उठून अनुसूची वाचून आलो. खरंच आहे.

---

ऐरोली_माजी_अभियंता

मी विजेच्या क्षेत्रात छत्तीस वर्षं काढली, आता घरी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तरुण मंडळींनी कंटाळा करू नये.

सेक्रेटरी साहेब, तुमच्या गच्चीवरचं सोलर जरूर बसवा, पण ते बसल्यानं काय सुटतं आणि काय सुटत नाही हेही माहीत असावं. आमच्या ऐरोलीत ठाणे-बेलापूर रोडवर राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे, अख्ख्या महाराष्ट्राची वीज तिथून क्षणाक्षणाला तोलली जाते. दुपारी सोलर भरपूर असतं. साडेसहाला सूर्य गेला की ते शून्यावर येतं आणि नेमकं त्याच वेळी घराघरात दिवे, एसी, मिक्सर, इस्त्री सुरू होतं. हा दोन-तीन तासांचा खड्डा भरायला आजही चंद्रपूर लागतं, कोराडी लागतं. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. आपण ठाण्यात लिफ्टचं बटण दाबतो तेव्हा कोळसा तिकडे जळतो आणि राख तिकडच्या लोकांच्या घरावर पडते, हे मी तिथे तीन वर्षं राहून पाहिलंय, अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटायची.

खड्डा भरायचे दुसरे मार्ग आहेत. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात चोंढे गावाजवळ घाटघर प्रकल्पाचं वीजघर जमिनीखाली आहे, १२५ मेगावॅटचे दोन संच. स्वस्त वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं. असे आणखी हवेत आणि बॅटऱ्याही हव्यात. आणि वापराची वेळ बदलणं. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला २०२५ च्या जुलैपासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये युनिटमागे ८० पैसे सवलत ठेवली ती यासाठीच, वॉशिंग मशीन रात्री नको, दुपारी लावा.

आता न आवडणारी गोष्ट. आपल्याकडे जास्त वापरणारा जास्त दर देतो, ५०० युनिटच्या वरचा ग्राहक शंभराच्या आतल्या ग्राहकाला थोडासा सांभाळतो, उद्योग आणि दुकानं शेतीला सांभाळतात. उद्या सगळ्या मोठ्या ग्राहकांनी सोलर लावून बिल शून्य केलं तर तारा, रोहित्रं, माणसं यांचा खर्च कोणाकडून काढणार? जो उरला त्याच्याकडून. उरणारा कोण, तर ज्याला गच्ची नाही तो. मी सोलरच्या विरोधात नाही, माझ्या स्वतःच्या घरावर आहे. पण हा हिशोब उघडपणे मांडल्याशिवाय नुसत्या सबसिड्या वाटत गेलो तर गरिबाचं बिल वाढेल, आणि मग तोच माणूस म्हणेल नको तुमचं सोलर. त्याचं काय चुकलं?

---

दिवा_स्लो

काका, तुम्ही माझ्याबद्दलच लिहिलंत. दिव्याला चाळीतून आता एका चार मजली बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहतो. गच्ची नाही, गाडी नाही, एसी नाही. बिल शंभराच्या आत-बाहेर. कामाला रोज लोकलनं. मला एकदा ऑफिसमध्ये एका वर्कशॉपला कार्बन फूटप्रिंट काढायला लावला, सगळ्यात कमी माझा आला, टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.

मला सांगायचंय ते हे की तुम्ही ज्या समाजाकडे जायचं म्हणताय त्यात आम्ही आधीपासून राहतोय आणि तो असा दिसतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं लोकलमधून पडली आणि गेली. मी त्या दिवशी त्याच वेळेला अर्धा तास मागच्या गाडीत होतो. दोन गाड्या वळणावर शेजारून जातात तेव्हा दारातल्या माणसाची बॅग दुसऱ्या गाडीतल्या माणसाला लागते, हे रोज बघतो आम्ही. सगळ्यात कमी धूर करणारा प्रवास करतो म्हणून जीव जातो आणि इलेक्ट्रिक कारला अटल सेतूवर टोल माफ. मला कारवाल्यांचा राग नाही. पण सरकारच्या खिशातून सवलत कोणाला मिळतेय ते बघा.

---

कोलशेत_रोड

दिवा_स्लो, टोलमाफीचं पटतंय आणि माझ्याकडे इलेक्ट्रिक कार आहे तरी पटतंय. पण मग एक सांगा, घोडबंदर रोडवर रोज दीड-दोन तास अडकणाऱ्या गाड्या कमी कशा करायच्या? मला वाटतं पार्किंगला चांगला जोरदार दर लावावा, गर्दीच्या वेळी शहरात येणाऱ्या गाडीला पैसे लावावेत, लंडनला २००३ पासून आहे. मेट्रो चार वडाळ्यापासून कासारवडवलीपर्यंत ३२ किलोमीटर, ती पूर्ण सुरू झाली तरी लोकांनी गाडी सोडायला काहीतरी टोचणी लागेलच.

---

दिवा_स्लो

टोचणी आधी आणि सोय नंतर असं केलं तर काय होतं ते फ्रान्समध्ये दिसलं. २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर आले ते इंधनावरच्या वाढीव करावरून, आणि त्यातले बरेच गावाकडचे, जिथे बसच जात नाही. सरकारला तो वाढीव कर मागे घ्यावा लागला. माझा डिलिव्हरी करणारा भाऊ पेट्रोलच्या बाईकवर दिवसाला शंभर किलोमीटर फिरतो. त्याला पैसे लावणार असाल तर आधी सांगा की त्याला ई-बाईकचं कर्ज कोण देणार, कारण त्याच्याकडे पगाराची स्लिप नाही आणि स्लिप नसली की व्याज दुप्पट.

आधी दिव्याला, मुंब्र्याला, कळव्याला गाड्या वाढवा. मग पार्किंगचं काय ते करा, मी स्वतः पाठिंबा देईन.

---

नेरूळ_पूर्व

पटलं. आणि बसही आधी.

---

रबाळे_लघुउद्योग

मी पहिल्यांदाच या विषयावर लिहितोय. टीटीसी औद्योगिक वसाहतीत माझं छोटं युनिट आहे, अठरा माणसं, स्टड, बोल्ट, स्पेशल फास्टनर करतो. थेट एक्स्पोर्ट नाही, एका एक्स्पोर्टरला माल देतो, तो युरोपला पाठवतो.

गेल्या वर्षी त्यानं मला एक एक्सेल पाठवलं. दर टनामागे किती कार्बन, स्टील कुठल्या भट्टीतलं, वीज किती, फर्नेस ऑइल किती. युरोपचा तो सीबॅम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कार्बन आकार, ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होते, यंदा, २०२६ च्या जानेवारीपासून प्रत्यक्ष कार्बनचे पैसे लागायला सुरुवात झाली, आणि नट-बोल्टसुद्धा त्यांच्या यादीत आहेत. मी रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसून वर्षभराची वीजबिलं काढली, माझा आकडा भरला. पण स्टीलचा आकडा? मी ज्या व्यापाऱ्याकडून बार घेतो त्याच्या सर्टिफिकेटवर कार्बन किती, मँगनीज किती ते असतं (हा कार्बन पोलादातला, तो वेगळा), धुराचा आकडा नसतो. आकडा नाही दिला तर ते स्वतःचा जास्तीचा आकडा धरतात आणि एक्स्पोर्टर म्हणतो तेवढा दर कमी करा.

मोठ्या कंपन्यांना सल्लागार ठेवता येतो. मी काय करू? आमच्याकडे जमीन एमआयडीसीची, कर महापालिकेला, वीज महावितरणची, प्रदूषणाचा परवाना प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. चौघांपैकी एकालाही सीबॅमबद्दल विचारलं तर पुढच्या खिडकीवर पाठवतात. शेड माझी आहे, पत्र्यावर ४० किलोवॅट सोलर सहज बसेल, बसवायचंही आहे. मला अनुदान नको, एक माणूस हवाय जो एमआयडीसीत बसेल आणि आमच्यासारख्यांना हा हिशोब करून देईल.

आणि एक, हे सगळं माझ्या पोरांच्या पोटाशी आहे. पोरं म्हणजे कामगार.

---

ऐरोली_माजी_अभियंता

रबाळेकर, तुमचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. जर्मनीनं २०२० मध्ये कायदा केला की कोळशाची वीज २०३८ पर्यंत बंद. पण त्याआधी आयोग नेमला, त्यात कामगार संघटना, उद्योग, पर्यावरणवाले, कोळशाच्या भागातली माणसं एका टेबलाला बसवली आणि त्या भागांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत तरतूद ठेवली. तरी तिकडे वाद मिटले नाहीत, काहींना साल लांबचं वाटतं, काहींना जवळचं. पण निदान टेबल होतं. चंद्रपूरच्या कंत्राटी कामगाराला आपण कुठल्या टेबलाला बसवलंय? झारखंडनं २०२२ मध्ये न्याय्य संक्रमणासाठी, म्हणजे कोळसा सुटताना त्यावर जगणाऱ्यांची सोय लावण्यासाठी, टास्क फोर्स नेमला. आपल्याकडेही तसं काही हवं आणि त्यात विदर्भातला माणूस हवा, मुंबईतला सल्लागार नको.

---

चेंदणीकर

आमी कोळी. चेंदणीचे. खाडीत वडलांनी मासेमारी केली, मी लहानपणी पाग टाकायला गेलोय, आता नोकरी करतो.

तुमी सगळे विजेचं, गाड्यांचं बोलताय, खाडीचं कोनी बोलत नाही म्हणून लिहितो. तिवरांच्या मुळाशी जो चिखल आहे ना, त्यात कार्बन साठतो, हे आता शास्त्रज्ञ सांगतात, आमाला एवढंच माहीत होतं की तिवर असली तर चिंबोरी असते, निवटे असतात, बोय येते. ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर स्थळ, म्हंजे जगानं मानलेली महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. त्याच वर्षी डिसेंबरात बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरं तोडायला हायकोर्टानं परवानगी दिली. ट्रेन पण विजेवर चालणारी, विमानापेक्षा चांगली म्हणून सांगतात. असेल. पण बदल्यात झाडं लावणार ती दुसरीकडं कुठंतरी, आणि कागदावर हिशोब जुळतो. आमच्या खाडीतली भरती-ओहोटी कागदावर जुळत नाही. एकदा भराव पडला की पाणी दुसऱ्या वाटेनं घुसतं, आता पावसात भरतीच्या वेळेला गल्लीत गुडघाभर होतं ते पूर्वी नव्हतं.

कार्बन कमी करायचा म्हणून जे काही बांधाल त्याची सुनावणी आमच्या वाड्यात घ्या. मराठीत. रात्री जेवणानंतर घ्या, दिवसा मानसं कामावर असतात. जाहिरात पेपरात बारीक अक्षरात देऊन सुनावणी झाली म्हनू नका.

---

घटना_वाचणारा

चेंदणीकर दादा, तुमच्यासारखाच वाद सुप्रीम कोर्टात गेला होता. राजस्थान आणि गुजरातमध्ये सोलरची वीज वाहून नेणाऱ्या तारांना धडकून माळढोक पक्षी मरतात. २०२१ मध्ये कोर्टानं मोठ्या भागात तारा जमिनीखालून न्या म्हटलं, मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांच्या समितीकडे दिला. त्याच निकालात कोर्टानं म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे. हा हक्क आता तुमचाही आहे, गुडघाभर पाणी येतं तेव्हाही आहे. तो वापरायचा कसा हे अजून आपल्याला, म्हणजे नागरिकांना, शिकायचंय.

---

पाचपाखाडीकर

सगळं दोनदा वाचलं. चेंदणीकरांचं रात्री जेवणानंतर सुनावणी घ्या हे वाचून मी माझ्याच एजीएमचा विचार करत बसलो, आम्ही नेहमी रविवारी सकाळी अकराला घेतो आणि भाडेकरूंना बोलवतच नाही.

आता जरा कामाचं. मी दोन गोष्टी शोधल्या.

एक, क्लायमेट बजेट. ऑस्लो महापालिकेनं २०१७ च्या बजेटपासून हे सुरू केलं, म्हणजे पैशाच्या बजेटसोबतच कार्बनचंही, यंदा शहरानं एवढाच धूर करायचा, कुठल्या खात्यानं किती कमी करायचा, वर्षाअखेर झाला की नाही. पैशाचा हिशोब ठेवणारंच खातं त्याचाही हिशोब ठेवतं, पर्यावरण विभागाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ते पडून राहत नाही. आणि हे परदेशातलंच आहे असं नाही, मुंबई महापालिकेनं जून २०२४ मध्ये आपला पहिला क्लायमेट बजेट अहवाल काढला. त्यात कुठल्या खर्चाचा हवामानाशी संबंध आहे ते दाखवलंय, धुराचा कोटा म्हणता येणार नाही, पण सुरुवात आहे. मुलुंडला होतं तर चेकनाक्याच्या अलीकडे, ठाण्यात का नाही?

दुसरं, आपल्या महापालिका कायद्यात कलम ६७ अ आहे. दर वर्षी ३१ जुलैच्या आत आयुक्तांनी पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा. एवढी वर्षं सभागृहच नव्हतं, म्हणजे ठेवला तरी उठून प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. यंदा आहे. जवळपास प्रत्येक वॉर्डात चार-चार नगरसेवक आहेत. त्यातल्या एकानं जरी त्या दिवशी उठून विचारलं की बस किती वाढल्या, हीटर किती चालू आहेत, तिवर किती राहिली, तर ते इतिवृत्तात येतं, आणि इतिवृत्त कोणालाही मागता येतं.

दिवा_स्लो, तुमच्या गच्ची नसण्याबद्दल एक सापडलं. दिल्लीत २०१९ पासून व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम आहेत, सोलर कुठेतरी एकाच ठिकाणी बसतं आणि त्याची युनिटं अनेकांच्या बिलात वाटली जातात. डेन्मार्कच्या साम्सो बेटावर पवनचक्क्यांमध्ये गावकऱ्यांनीच भाग घेतले, म्हणून विरोध गळाला, कारण पाती फिरली की पैसे त्यांच्याच घरी येतात. आपल्या राज्याला सहकार शिकवायला नको, १९५० मध्ये प्रवरानगरला शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभा केला. शाळेच्या, मंडईच्या, बस डेपोच्या छपरावर दिव्याच्या भाडेकरूंचा सहकारी सोलर का होऊ नये? घर बदललं तरी वाटा तुमच्याच नावावर राहील.

---

दिवा_स्लो

वाटा किती रुपयांचा असेल ते आधी सांगा. पाचशेच्या हप्त्यात बसलं तर आमच्या बिल्डिंगमधली आठ घरं मी गोळा करतो, शब्द देतो.

---

ऐरोली_माजी_अभियंता

आकडेमोड मी करून देतो. पण सेक्रेटरी साहेब, यात तारांचा खर्च धरावा लागेल, मी आधी लिहिलं तसं. फुकट दाखवून लोकांना बोलवायचं नाही.

---

पाचपाखाडीकर

धरू. सगळे आकडे खुले ठेवू.

---

रबाळे_लघुउद्योग

माझी शेड वापरा. ४० किलोवॅटमध्ये मला २५ पुरतात, बाकीची जागा रिकामीच राहणार. नियमात बसतं का ते अभियंता साहेबांनी बघावं.

---

नेरूळ_पूर्व

मी पत्राचा मसुदा लिहायला घेते, नवी मुंबईसाठी वेगळा आणि ठाण्यासाठी वेगळा, कारण आमच्याकडे सिडको आहे, मेट्रो सिडकोची, बस महापालिकेची, लोकल रेल्वेची, एकाला लिहिलं की दुसरा सुटतो. तिघांनाही एकच पत्र आणि प्रत्येकाला बाकी दोघांची नावं वर लिहून. त्यात तीनच मागण्या ठेवते, बसची वेळ, अहवालावर सभागृहात चर्चा आणि सुनावणी वस्तीत. अजून कोणाला घालायचं असेल तर उद्या रात्रीपर्यंत सांगा, त्यानंतर नको, पत्र लांबलं की कोणी वाचत नाही.

---

कोलशेत_रोड

हीटरची तपासणी घाला ना, मालमत्ता कराच्या बिलासोबत. मी आमच्या चोवीस टाक्यांचे फोटो देतो. आणि परवा मी प्लंबरला घेऊन वर गेलो होतो, त्यातल्या नऊ अजून दुरुस्त होण्यासारख्या आहेत म्हणाला.

---

चेंदणीकर

सुनावणीत "मराठीत" आणि "रात्री" हे दोन शब्द राहू देऊ नका, नक्की घाला.

---

नेरूळ_पूर्व

घातले दादा. पहिल्याच ओळीत.

---

पाचपाखाडीकर

मग एकदा भेटूया का? ठाणे स्टेशनजवळ कुठेतरी, ट्रान्सहार्बरवाल्यांनाही सोपं पडेल. येत्या रविवारी सकाळी चालेल?

---

दिवा_स्लो

रविवारी मेगाब्लॉक असतो, आम्हाला दुपारशिवाय येता येत नाही. शनिवारी रात्री साडेआठला ठेवा, मी भावालाही घेऊन येतो, त्याची शेवटची डिलिव्हरी आठला संपते.